सोल्डरच्या तारेवरून भांडताय, पण शिसं जातंय कुठे?

परवा दुकानात एक ओळखीचे काका टीव्हीचा बोर्ड घेऊन आले. टेबलावर साठ-चाळीसची तार बघून म्हणाले, "अजून शिशाचं सोल्डर वापरता? बाहेर बंदी आहे त्याला." माझा जोडीदार लगेच उसळला. "काका, फॅड आहे ते सगळं. शिसं काय उडत नसतं. वीस वर्षं हेच वापरतोय, काय झालं आम्हाला?"

दोघांचंही अर्धंच खरं आहे. म्हणून हे लिहितोय.

आधी जोडीदाराचं. शिसं उकळतं १७४९ अंशांना. आपली सोल्डरिंग गन चालते साडेतीनशेच्या आसपास. त्यामुळे धुरात शिशाची वाफ जवळजवळ नसतेच. डोळ्यांत जातो तो रोझिनचा धूर. त्याने दमा होऊ शकतो, तार शिशाची असो की बिनशिशाची. बिनशिशाच्या तारेला उष्णताही जास्त लागते. जुनी ६३-३७ तार १८३ अंशांना वितळते, कथील-चांदी-तांब्याची २१७ च्या पुढे. शुद्ध कथलाला केसासारखे बारीक तंतू फुटतात आणि त्यातून शॉर्ट होतो, हेही खरं.

पण यातून "शिसं निरुपद्रवी" हे कसं काय निघालं? आपल्या धंद्यात शिसं नाकापेक्षा हातावाटे पोटात जातं. तार धरलेल्या बोटांनीच आपण वडापाव खातो. टेबलावरचे गोळे हाताने झटकतो. तेच कपडे घालून घरी जातो आणि पोराला उचलून घेतो. शिशाची सुरक्षित अशी कुठलीही पातळी माहीत नाही, हे जागतिक आरोग्य संघटना स्पष्ट सांगते. लहान मुलांच्या मेंदूवर त्याचा परिणाम होतो आणि तो भरून निघत नाही. "काय झालं आम्हाला" म्हणणाऱ्यांपैकी किती जणांनी रक्तातलं शिसं तपासलंय? मीही नाही तपासलेलं.

आता काकांचं. युरोपने १ जुलै २००६ पासून हा नियम लावला, आपल्याकडे तो १ मे २०१४ पासून आला. वस्तूच्या कुठल्याही एकजिनसी भागात शिसं ०.१ टक्क्याच्या वर नको. काही कामांना सूट आहे, पण साधा नियम हा. आणि त्याचा मोठा हेतू काय? वस्तू मोडीत निघाल्यावर तिच्यातलं विष माणसांत, मातीत, पाण्यात जाऊ नये. म्हणजे नियम मुळात कचऱ्याचा आहे.

मग काका, तुमचा जुना टीव्ही कुठे गेला? भंगारवाल्याला दिलात. पुढे त्याचं काय झालं, विचारलंत? असा माल हातोहात फिरत जातो. कुठेतरी बोर्ड उघड्यावर तापवून आयसी उपटतात, सोनं काढायला ॲसिडमध्ये बुडवतात, वायर जाळून तांबं काढतात. हातात ग्लोव्हज नसतात, तोंडावर मास्क नसतो. बोर्ड बिनशिशाचा असला म्हणून त्या धुरातून अमृत निघत नाही. प्लास्टिकमधली ब्रोमिनची रसायनं जळतातच.

आणि घरातली इन्व्हर्टरची बॅटरी? जगात वापरल्या जाणाऱ्या शिशापैकी ८० टक्क्यांहून जास्त बॅटऱ्यांत जातं. जरा हिशोब मांडू. एका बोर्डावर पाच ग्रॅम जुनं सोल्डर धरलं, तर शिसं झालं दोन ग्रॅमच्या आत. पन्नास किलोच्या बॅटरीत निम्मं वजन शिशाचं धरा, झालं पंचवीस किलो. म्हणजे एक बॅटरी बरोबर तेरा हजारांहून जास्त बोर्ड. ती नीट कारखान्यात गेली तर शिसं पुन्हा वापरात येतं. कुणाच्या शेडमधल्या भट्टीत फुटली तर आजूबाजूच्या वस्तीत जातं. बॅटऱ्यांसाठी २००१ पासून नियम आहेत, २०२२ मध्ये नवे आले. कागद भरपूर आहेत. तुम्ही मात्र दोन-तीन हजार सूट घेता, जुनी बॅटरी देता आणि विसरता.

म्हणून सोल्डर सोडून द्या, असं मी म्हणत नाही. कारखान्यात लाखो बोर्ड बनतात, तिथे बिनशिशाचा नियम हवाच. तो ढिला करा म्हणणाऱ्यांशी मी भांडेन. पण स्टिकर बघून टाळ्या वाजवायच्या आणि कचऱ्याकडे पाठ फिरवायची, ही फसवणूक आहे.

आमच्या भागात मध्येच कधीतरी ई-कचरा संकलनाचा बॅनर लागतो. टेम्पो येतो, फोटो निघतात. हा माल कोणत्या नोंदणीकृत केंद्रात जातो, असं मी विचारलं, तर "वरून व्यवस्था आहे" एवढंच उत्तर मिळालं. माझं मागणं साधं आहे. प्रत्येक वॉर्डात ई-कचऱ्याची कायमची जागा हवी. माल कुठे गेला याचा फलक तिथेच लावा. आणि भंगार वेचणाऱ्यांना हाकलू नका, त्यांनाच या कामात पगारावर घ्या.

जोडीदाराने आता टेबलाजवळ साबण ठेवलाय. जेवणाआधी हात धुतो, कुरकुरत का होईना. सोल्डरचे गोळे आम्ही एका डब्यात जमवतो. तो डबा कधीच काठोकाठ भरलाय.

तो द्यायचा कुणाला, हे नगरसेवक होऊ पाहणाऱ्या प्रत्येकाला विचारा. मी विचारणार आहे.