सरासरीआडची रांग

शासकीय नस्तीत एखादा आकडा एकदा स्थिरावला, की त्याच्याशी वाद घालणे कठीण होते. तोच आकडा आलेखाच्या रूपाने, दोन रंगांत छापून आला तर विचारायलाच नको. काही वर्षांपूर्वी रायपूरमधील एका कार्यालयात इंटरनेटची लाईन वाढवून घेण्याचा प्रस्ताव माझ्यासमोर आला. सोबत वर्षभराचा आलेख जोडलेला होता. दहा मेगाबिटांच्या लाईनीचा वापर दोन मेगाबिटांच्या आसपास संथपणे चाललेला दिसत होता. ‘सध्याची क्षमता पुरेशी आहे’, असा शेरा लिहून मी प्रस्ताव परत पाठवला. अर्थशास्त्र शिकलेल्या माणसाने सरकारचा पैसा वाचवला, याचे थोडे समाधानही वाटले.

पुढे नोव्हेंबर आला आणि निवृत्तिवेतनधारक हयातीच्या दाखल्यासाठी येऊ लागले. 2014 मध्ये सुरू झालेल्या ‘जीवन प्रमाण’ या सोयीमुळे हा दाखला बोटाच्या ठशावर, संगणकाद्वारे देता येतो. अर्थात, लाईन चालत असेल तर. धमतरीहून आलेले एक वृद्ध मराठी गृहस्थ रांगेतून मला म्हणाले, “साहेब, चार वाजता या म्हणतात, तेव्हा मशीन लगेच चालतं. पण चारनंतर निघालो तर घरी पोचेपर्यंत अंधार होतो हो.”

त्या संध्याकाळी मी गणित पुन्हा मांडले. सकाळी दहा ते एक असे तीन तास लाईन पूर्ण भरलेली आणि उरलेले एकवीस तास वापर जेमतेम एक मेगाबिट, असे धरले तरी दिवसाची सरासरी 2.1 मेगाबिट, म्हणजे क्षमतेच्या अवघी 21 टक्के येते. आकडा खोटा नव्हता. प्रश्न चुकीचा होता. सुटलेल्या गाडीतील रिकामे आसन जसे दुसऱ्या दिवशीच्या प्रवाशाला देता येत नाही, तशी रात्री दोनची मोकळी लाईन सकाळी अकराला वापरता येत नाही.

असे आलेख काढणारे जुने आणि सुपरिचित साधन म्हणजे एम.आर.टी.जी. टोबियास ओटिकर यांनी 1994 मध्ये त्याचे पहिले रूप लिहिले, तेव्हा त्यांच्या संस्थेला बाहेरच्या जगाशी जोडणारी लाईन 64 किलोबिटांची होती. दर पाच मिनिटांनी राउटरला ‘किती आले, किती गेले’ हे विचारायचे आणि रेघ ओढायची, इतके ते साधे. मात्र दिवसाच्या आलेखात पाच मिनिटांची सरासरी असते, आठवड्याच्या आलेखात अर्ध्या तासाची, महिन्याच्या आलेखात दोन तासांची आणि वर्षाच्या आलेखात संपूर्ण दिवसाची. काळ जितका लांब, तितके शिखर बुटके. आणि मंजुरी देणाऱ्याच्या टेबलावर येतो तो बहुधा सर्वांत लांब काळाचा आलेख!

म्हणून, असे एखादे साधे साधन आज नव्याने कोणी लिहिणार असेल, तर प्रशासनाच्या बाजूने माझ्या काही सूचना आहेत.

पहिली, तपशील पुसू नये. पाच मिनिटांना एक याप्रमाणे वर्षाच्या 1,05,120 नोंदी होतात. आजच्या संगणकाला हे ओझे नव्हे. सरासरीच्या रेघेसोबत कमाल वापराची रेघ, विकत घेतलेल्या क्षमतेची रेघ आणि कार्यालयीन वेळेची स्वतंत्र सरासरी दिसावी.

दुसरी सूचना मला अधिक महत्त्वाची वाटते. वापर म्हणजे मागणी नव्हे. रेशन दुकानातून किती धान्य गेले यावरून गावाची भूक मोजता येत नाही. दुकानात होते तेवढेच गेले. आलेखाचा माथा सपाट झाला, की मागणी तेथे थांबली असे नसून ती दाराशी उभी आहे, असे समजावे. यासाठी त्याच कागदावर खाली, उत्तर यायला किती वेळ लागला आणि किती निरोप वाटेत हरवले, याची दुसरी रेघ हवी. रांग दिसते ती तेथेच.

तिसरी सूचना प्रामाणिकपणाची. राउटरने उत्तर दिले नाही, तर एम.आर.टी.जी. सहसा मागचाच आकडा पुन्हा लिहिते. सांगितल्यास शून्य लिहिते. वीज गेलेली असताना दोन्ही नोंदी असत्यच. ओटिकर यांच्याच पुढच्या आर.आर.डी.टूलमध्ये ‘अज्ञात’ अशी नोंद राहते आणि आलेखात तेवढी जागा कोरी दिसते. माहीत नाही तेथे ‘माहीत नाही’ असे लिहिण्याची ही सवय आपल्या अनेक विवरणपत्रांनीही उचलावी.

चौथी, आलेखावर तारखेसह शेरा लिहिता यावा: या दिवशी नवे संगणक जोडले, येथे केबल तुटली. अधिकारी बदलून जातात, कागद राहतो. मागील वर्षाचा तोच महिना फिकट रेघेने मागे दिसला, तर नोव्हेंबर दरवर्षी येतो हे नव्या माणसालाही कळेल.

कोणता कर्मचारी काय पाहतो, हे मात्र त्यात नसावे. लाईन मोजण्याचे साधन माणसांवर पाळत ठेवू लागले, की ते साधे राहत नाही आणि त्यावर कोणाचा विश्वासही राहत नाही.

तो प्रस्ताव मी नंतर स्वतः मागवून घेतला आणि मंजूर केला. माझा जुना शेरा त्याच नस्तीत, नव्या शेऱ्याच्या अगदी वर आहे. तो तेथे असणेच योग्य. मात्र मंजुरी मिळेपर्यंत नोव्हेंबर संपला होता.