हलका लॅपटॉप रोजच्या कामाला पुरतो का?



मागच्या पालकसभेनंतर एक पालक थांबले. त्यांची थोरली मुलगी आमच्याच शाळेची माजी विद्यार्थिनी, आता बी.कॉम.ला मुंबईला जाते. सकाळी कोन फाट्यावरून रिक्षा, पनवेलहून हार्बरची लोकल, संध्याकाळी तेच उलटं. ते म्हणाले, "मॅडम, पोरीला हलका लॅपटॉप हवाय. दुकानदार म्हणतो हलक्यात दम नसतो, त्यापेक्षा हा गेमिंगचा घ्या. पतपेढीतून पैसे काढलेत, एकदाच घेणार. काय करू?"

प्रश्न साधा होता, पण त्यामागे एका घराची वर्षाची बचत होती. म्हणून मी तिथल्या तिथे उत्तर दिलं नाही. आज सविस्तर लिहिते.

आधी माझीच चूक सांगते. काही वर्षांपूर्वी मी एक हलका लॅपटॉप घेतला. दिसायला छान, पर्समध्ये मावेल असा. रॅम ४ जीबी, साठवण ६४ जीबी. वर्षभरात विंडोजच्या अपडेटलाच जागा उरेना. ऐन निकालपत्रकाच्या दिवशी एक्सेल उघडं, ब्राउझरमध्ये शाळेचं पोर्टल उघडं, आणि मशीन गप्प! बाकीचे शिक्षक घरी गेले तरी मी फिरणाऱ्या गोल चक्राकडे बघत बसले होते. तेव्हा मीही सगळ्यांना सांगत सुटले, "हलका लॅपटॉप घेऊ नका हो."

आज कळतं की मी चुकीच्या गोष्टीला दोष दिला. लॅपटॉप हलका होता म्हणून अडला नाही, त्यात स्मरणशक्ती तुटपुंजी होती म्हणून अडला.

हा गैरसमज अगदी निराधार मात्र नाही. २००८ च्या जानेवारीत ॲपलने पहिला मॅकबुक एअर आणला. वजन १.३६ किलो. पण त्यात हळू चालणारी ८० जीबीची हार्ड डिस्क आणि यूएसबीचं एकच भोक! त्या काळी हलकं घ्यायचं तर वेग सोडावा लागे. पुढे हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी आली आणि प्रोसेसर कमी विजेत जास्त काम करू लागले. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या एम१ मॅकबुक एअरमध्ये पंखासुद्धा नव्हता, तरी रोजच्या कामात तो कित्येक जाडजूड मशीनना भारी पडला. आपल्या पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये 'परम ८०००' हा महासंगणक बनवला. त्याची कमाल क्षमता सेकंदाला सुमारे १०० कोटी गणितं. आज हातात धरता येणारा साधा लॅपटॉप त्याच्या कितीतरी पुढे आहे. म्हणजे ताकद आहेच. आपल्या कामाला किती लागते, हे बघायचं.

ते कसं बघायचं? दुकानदाराला विचारू नका, मशीनलाच विचारा. विंडोजच्या कोणत्याही लॅपटॉपवर रोजची कामं एकदम उघडा: वर्ड, एक्सेल, ब्राउझरचे दहा-बारा टॅब, एक ऑनलाइन मीटिंग. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात 'परफॉर्मन्स' मध्ये जाऊन सीपीयू आणि मेमरी किती टक्के वापरली जातेय ते पाहा. मी त्या पालकांना हेच करायला सांगितलं. पुतण्याच्या लॅपटॉपवर मुलीने तिची सगळी कामं उघडली. सीपीयू बहुतेक वेळ निवांत होता. मेमरी मात्र ७ जीबीच्या वर गेली. झालं, उत्तर तिथेच मिळालं! तिला मोठा प्रोसेसर नको, भरपूर रॅम हवी.

म्हणून माझं मत असं: लेखन, हिशेब, सादरीकरण, ऑनलाइन तास, मराठी टायपिंग एवढ्या कामाला हलका लॅपटॉप पुरतो. मात्र घेताना एवढं बघा.

१) रॅम शक्यतो १६ जीबी. बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये ती बोर्डालाच पक्की जोडलेली असते, नंतर वाढवता येत नाही. विंडोज ११ च्या किमान अटीत ४ जीबी लिहिलेली असते, पण ती चालू होण्यापुरती. काम करण्यापुरती नव्हे.

२) एसएसडी ५१२ जीबी असली तर उत्तम.

३) इंटेलच्या प्रोसेसरच्या नावातलं अक्षर बघा. 'यू' म्हणजे कमी विजेवर चालणारा, साधारण १५ वॅटचा. 'एच' म्हणजे जास्त ताकदीचा, पण जास्त तापणारा. रोजच्या कामाला 'यू' पुरे.

४) भोकं मोजा! वर्गातल्या प्रोजेक्टरला एचडीएमआय लागतं, पेन ड्राइव्हला जुनं यूएसबी. नाहीतर वेगळा जोड घ्यावा लागतो, आणि तो ऐन तासाला घरी राहतो.

५) चार्जरसकट वजन विचारा. लॅपटॉप सव्वा किलोचा आणि चार्जर विटेएवढा, असं नको.

हलका कुठे कमी पडतो, तेही प्रामाणिकपणे सांगते. स्नेहसंमेलनाचा दोन तासांचा व्हिडिओ जोडायचा, इंजिनिअरिंगची त्रिमितीय डिझाइन करायची, तर पातळ मशीन तापतं आणि तापलं की आपोआप वेग कमी करतं. पहिली काही मिनिटं झकास, पुढे रखडपट्टी. असं काम रोजचं असेल तर जड लॅपटॉप घ्या, बिनधास्त. वर्षातून एकदाच असेल, तर त्या एका दिवसासाठी बाकीचे दिवस ओझं का वाहायचं?

आपल्या राज्यात २०१५ मध्ये शासन निर्णय निघाला, की दप्तराचं ओझं मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नको. आपण मुलांची दप्तरं वजनकाट्यावर ठेवली. बारावीनंतर मात्र कोणी वजन करत नाही. गेमिंगचा अडीच किलोचा लॅपटॉप, त्याचा चार्जर, पुस्तकं, डबा, पाण्याची बाटली, आणि लोकलमध्ये उभं राहून प्रवास. असा लॅपटॉप चार दिवस कॉलेजात जातो, पाचव्या दिवसापासून घरीच राहतो. घरी राहिलेल्या ताकदीचा पोरीला काय उपयोग?

त्या पालकांनी शेवटी १६ जीबी रॅमचा हलका लॅपटॉप घेतला. परवा फाट्यावर मुलगी भेटली, पाठीला सॅक होती. मी विचारलं, "लॅपटॉप आणलास का?"

"हो मॅडम, रोजच असतो," ती म्हणाली, आणि रिक्षात बसली.

पालकहो, पैसे मोजण्याआधी ती तीन बटणं एकदा दाबून बघा. आणि शिक्षक मित्रांनो, तुमच्या कामाला किती मेमरी लागते, ते टिप्पणीत नक्की कळवा.