न लिहिलेल्या धनादेशाचा अनादर

मराठीच्या कायदेभाषेने पुष्कळ बोजड शब्द घडवले, पण त्यांतला एक शब्द आम्हांला फार नेमका वाटतो. खात्यात पुरेसे पैसे नसल्यामुळे चेक परत आला, की कायदा त्याला 'धनादेशाचा अनादर' म्हणतो. देणे चुकवणे ही केवळ हिशेबातली तूट नव्हे, ज्याला द्यायचे त्याचा मान न राखणे आहे, ही जुनी व्यवहारनीती या एका शब्दात जपली गेली आहे. १८८१च्या परक्राम्य संलेख अधिनियमात १३८वे कलम १ एप्रिल १९८९पासून लागू झाले आणि हा अनादर फौजदारी गुन्हा ठरला. चेक परतल्याचे कळल्यापासून तीस दिवसांत नोटीस द्यायची, नोटीस मिळाल्यावर पंधरा दिवसांत पैसे आले नाहीत तर खटला, आणि शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा रकमेच्या दुपटीपर्यंत दंड किंवा दोन्ही. सारे कसे दिवस मोजून.

आमचा प्रश्न या कलमाच्या अलीकडचा आहे. चेक लिहिलाच नाही तर काय? व्याख्यान होऊन गेले, उत्तरपत्रिका तपासून झाल्या, लेख छापून आला, सत्राचे सर्व तास घेऊन झाले. आणि वर्ष उलटत आले तरी चेक निघाला नाही, तर त्या अनादराला कोणते कलम? दिवाणी दावा करता येतो, हे खरे. पण दोन हजार रुपयांच्या मानधनासाठी दिवाणी न्यायालयाची पायरी कोण चढणार? तेव्हा व्यवहारात स्थिती अशी आहे, की चेक देऊन तो वटू न देणारा गुन्हेगार ठरतो आणि चेकच न देणारा सभ्य राहतो.

या सभ्यतेला अनेक वर्षे एक उत्तम आडोसा होता. त्याचे नाव 'क्लिअरिंग'. 'चेक टाकला आहे, क्लिअरिंगला असेल', एवढे म्हटले की विषय संपत असे. हा आडोसा अगदी खोटाही नव्हता. बाहेरगावचा चेक त्या काळी खरोखरच प्रवास करी. तो कागद टपालाने ज्या शाखेवर काढला त्या शाखेत जाई, तिथे सही ताडून पाहिली जाई, आणि मग पैसे उलट वाटेने येत. २००८ साली राष्ट्रीय ग्राहक तक्रार निवारण आयोगाला या दिरंगाईत लक्ष घालावे लागले. राज्यांच्या राजधान्यांवरच्या चेकला सात दिवस, मोठ्या शहरांवरच्या चेकला दहा आणि इतर ठिकाणच्या चेकला चौदा दिवस अशी कमाल मर्यादा घालून दिली गेली, आणि त्यापुढच्या विलंबाला व्याज. त्याच वर्षी १ फेब्रुवारीला दिल्लीत चेकच्या कागदाऐवजी त्याची प्रतिमा पाठवण्याची पद्धत सुरू झाली, पुढे ती देशभर पसरली. ४ ऑक्टोबर २०२५पासून रिझर्व्ह बँकेने आणखी एक पाऊल टाकले. ठरलेल्या वेळात आलेले चेक अखंड पुढे पाठवायचे आणि ज्या बँकेवर ते काढलेले आहेत तिने संध्याकाळी सातपर्यंत होय-नाही कळवायचे. सुरुवातीला तांत्रिक घोटाळे झाले, चेक उलट जास्त रखडल्याच्या तक्रारी आल्या. ते होणारच. महत्त्वाची गोष्ट अशी, की संध्याकाळपर्यंत बँकेने काहीच कळवले नाही, तर चेक मंजूर झाला असे मानले जाते. या नियमाकडे आम्ही पुन्हा वळणार आहोत.

तूर्त एवढेच, की यंत्राचा वाटा आता तासांवर आला आहे. तरीही मानधन येत नाही. याचा अर्थ उशीर कधीच प्रामुख्याने क्लिअरिंगमध्ये नव्हता. तो टेबलावर होता, आणि आडोसा गेल्यावर तो तिथेच बसलेला दिसतो आहे.

विंझरसारख्या गावातून हे अधिक स्पष्ट दिसते. नसरापूरहून वेल्ह्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे गाव. तालुक्याचे नाव आता राजगड झाले आहे. अशा ग्रामीण महाविद्यालयांतून मराठीचे, इतिहासाचे, अर्थशास्त्राचे कितीतरी तास आज तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक घेतात. नेट-सेट उत्तीर्ण, कोणी पीएच.डी. झालेले. घेतलेल्या तासांचेच पैसे, सुट्टीचे काही नाही, आणि तेही हातात पडायला राज्यभर कित्येक महिने लागतात, हे या पानाच्या वाचकांना आम्ही सांगायला नको. या शिक्षकाचा पेट्रोलचा खर्च मात्र रोजचा आणि रोखीचा असतो. घरभाडे महिन्याच्या महिन्याला द्यावे लागते. किराणा दुकानदार वहीत मांडतो, पण त्यालाही पुढे घाऊक व्यापाऱ्याचे देणे असते. अशा रीतीने वरच्या टेबलावरचा उशीर पायरीपायरीने खाली उतरतो आणि शेवटी सर्वांत कमी ऐपतीच्या माणसाच्या वहीत जाऊन थांबतो. समजा, पन्नास हजार रुपये आठ महिने अडकले. शेकडा बारा दराने त्याचे व्याज चार हजार होते. हे चार हजार त्या शिक्षकाने व्यवस्थेला दिलेले दान आहे. त्याची पावती त्याला कोणी देत नाही.

आपल्या जुन्या व्यवहारभाषेला हे कळत होते. हुंडी दर्शनी असे किंवा मुदती. दर्शनी म्हणजे दाखवताच पैसे. मुदती म्हणजे ठरल्या दिवसांनंतर. मुदतीची हुंडी आधीच मोडायची तर वटाव द्यावा लागे. म्हणजे काळाला किंमत होती आणि ती कोणी कोणाला द्यायची हे ठरलेले होते. चेक 'वटतो' हे आपले क्रियापदही त्याच पेढीवरून आलेले. हुंडी हरवली तर 'पेठ', तीही हरवली तर 'परपेठ' लिहून देण्याची सोय होती. कागद गहाळ झाला म्हणून देणे गहाळ होत नसे. आज मात्र 'तुमचे बिल सापडत नाही, पुन्हा द्या' हे वाक्य ऐकले, की घड्याळ पुन्हा शून्यापासून चालू होते.

गावगाड्याचेही तेच. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली 'गांव-गाडा'त ज्या बलुतेदारीचे वर्णन केले, ती विषमतेवर उभी होती. बलुते मागताना किती अपमान गिळावा लागे, हे दया पवारांच्या 'बलुतं'ने १९७८ साली मराठी वाचकाला विसरता येणार नाही असे सांगितले. त्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही. पण तिथेही सुगी आणि खळे ही वेळ ठाऊक होती. आजच्या मानधनाला सुगीच नाही. मागणाऱ्याचे ताटकळणे मात्र तसेच राहिले आहे.

भाषा-साहित्याचे शिक्षक म्हणून आम्हांला या उशिराचे व्याकरण विशेष लक्षणीय वाटते. 'बिल वर गेले आहे.' 'सही व्हायची आहे.' 'ग्रँट यायची आहे.' 'कार्यवाही करण्यात येत आहे.' या वाक्यांत बिल जाते, सही होते, ग्रँट येते, पण माणूस कुठेच नाही. जणू सही हा पाऊस आहे. व्हायचा तेव्हा होईल. विद्यार्थ्यांना आम्ही कर्तरी, कर्मणी, भावे प्रयोग शिकवतो तेव्हा उदाहरणादाखल रामाला आंबा खायला लावतो. त्याऐवजी ही वाक्ये फळ्यावर लिहावीत आणि विचारावे, यातला कर्ता शोधा. सही कोणी करायची आहे? केव्हापर्यंत? कर्ता लपवणारी वाक्यरचना ही सत्तेची आवडती रचना असते, हा समीक्षेचा धडा वेतनाच्या कागदावर जितका चटकन कळेल तितका कादंबरीच्या पानावर कळणार नाही.

पैसे मागितले की दुसरी एक भाषा पुढे येते: साहित्यसेवा, ज्ञानदान, संतांची भूमी. संतांकडे वळायचेच तर नीट वळावे. तुकोबांनी कर्जाची खतपत्रे इंद्रायणीत बुडवली, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. पण ती खते आपल्या वाट्याची होती आणि बुडवणारे स्वतः धनको होते. ऋणकोने धनकोची खते नदीत टाकून त्याला वैराग्य म्हटल्याचे आमच्या वाचनात नाही. महीपतींच्या 'भक्तविजया'त दामाजीपंतांची कथा आहे. दुष्काळात लुटलेल्या कोठाराचे पैसे विठू महार होऊन देवाने बादशहापुढे ओतले, आणि निघताना रीतसर पावती घेतली. देवालाही पावतीचे महत्त्व वाटले, हे आमच्या परंपरेचे व्यवहारज्ञान आहे. मानधन सोडून देण्याचा अधिकार ज्याला ते मिळायचे त्याचा. देणाऱ्याने तो परस्पर वापरू नये.

यावर रास्त आक्षेप येईल, की संस्थांकडेच पैसे वेळेवर येत नाहीत. अनुदान उशिरा मिळते, लेखापरीक्षणाचे नियम कडक आहेत, टेबलावरचा कारकूनही अपुऱ्या मनुष्यबळात काम करतो. हे सारे खरे आहे, आणि आमचा रोख त्या कारकुनावर नाहीच. तोट्यात चालणाऱ्या लहान नियतकालिकांवरही नाही. 'मानधन देता येणार नाही' असे आधी सांगणारा संपादक आम्हांला आदरणीय वाटतो; त्याने लेखकाला निवड दिली. पण अडचण खरी असली तरी तिचा भार कोणी उचलायचा हा प्रश्न उरतोच. कायद्याने तो इतरत्र सोडवलेला आहे. १९६६च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार उसाचे पैसे चौदा दिवसांत द्यायचे, न दिल्यास पंधरा टक्के व्याज. २००६च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या कायद्याने लहान पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत चुकते करण्याचे बंधन घातले. कारखान्यांनाही अडचणी असतातच, आणि या नियमांचेही सर्रास उल्लंघन होते. तरी शेतकऱ्याच्या हातात निदान एक तारीख असते, तिच्यावर बोट ठेवून तो मोर्चा काढू शकतो. शिकवलेल्या तासाला अशी तारीख नाही.

म्हणून आमची मागणी दानाची नाही, तारखेची आहे. नेमणूकपत्रावर, निमंत्रणपत्रावर रक्कम लिहितात तशी देय तारीखही लिहावी. बिल मिळाल्याची पोच दिनांकासह द्यावी. त्रुटी असल्यास पंधरा दिवसांत एकदाच, लेखी, सही करणाऱ्याच्या नावानिशी कळवावी. आणि त्या मुदतीत काहीच कळवले नाही तर बिल मंजूर झाले असे मानावे. हा शेवटचा नियम आमच्या कल्पनेतला नाही. देशभरच्या बँकांना कोट्यवधी रुपयांच्या चेकसाठी तो आज लागू आहे. मौन ही तिथे संमती ठरते. आपल्या कार्यालयांत मौन म्हणजे नकार असतो, आणि तो नकार द्यायला कोणाला तोंडही उघडावे लागत नाही.

पंधरा दिवसांनी बोललेच पाहिजे, एवढी सक्ती झाली तरी पुष्कळ होईल. नकार असेल तर तो कोणाचा, हे वाक्यात लिहावे लागेल. तिथून पुढचे भांडण आम्हांला भांडता येते.