चारित्र्य तपासा, देश कशाला तपासता?

परदेशात जाऊन इंग्रजी शिकवायचं, ही कल्पना आता भोर-वेल्ह्याच्या पोरापोरींना परकी राहिलेली नाही. इंग्रजी घेऊन एम.ए. झालेले, बी.एड. केलेले, पवित्र पोर्टलवरच्या भरतीकडे डोळे लावून बसलेले कितीतरी जण तुमच्याही ओळखीत असतील. मग कधीतरी मोबाईलवर जाहिरात येते. दुबई, व्हिएतनाम, कोरिया. पगार मोठ्या अक्षरात, कागदपत्रांची यादी बारीक अक्षरात. आज त्या बारीक अक्षरांबद्दल बोलू, कारण खरी परीक्षा तिथेच असते. इंग्रजीची परीक्षा त्यामानाने सोपी.

पहिला कागद पोलिसांचा. आपल्याकडे 'चारित्र्याचा दाखला' म्हटलं की सगळ्यांना एकच गोष्ट माहीत असते: कंपनीत किंवा सिक्युरिटीत लागताना पुणे ग्रामीण पोलिसांकडून काढतात तो. परदेशातली शाळा मागते तो हा नव्हे. तिला लागतं ते पासपोर्ट कार्यालयाचं पोलिस क्लिअरन्स सर्टिफिकेट, म्हणजे पीसीसी. अर्ज पासपोर्ट सेवा पोर्टलवर, फी ५०० रुपये. अर्जात कुठल्या देशासाठी हवं ते लिहावं लागतं आणि दाखल्यावर त्या देशाचं नाव येतं. म्हणजे कोरियासाठी काढलेला कागद दुबईला दाखवून भागत नाही. शिवाय दाखला जुना झाला की बऱ्याच ठिकाणी चालत नाही. व्हिएतनामच्या वर्क परमिटसाठी तो सहा महिन्यांच्या आतला लागतो. फार आधी काढला तर शिळा होतो, उशिरा काढला तर नोकरी जाते.

आता हे ५०० रुपये भोरमधून किंवा वेल्ह्यातून भरून बघा. पुण्यातलं पासपोर्ट सेवा केंद्र मुंढव्याला. एसटीनं स्वारगेट गाठायचं, तिथून अख्खं शहर ओलांडायचं आणि अपॉइंटमेंटच्या वेळेआधी पोहोचायचं. एक दिवस गेलाच, घरी भाताची लावणी चालू असेल तर एक रोजही गेला. पडताळणीची गरज पडली तर फाईल पुणे ग्रामीणमधून तुमच्या ठाण्यात येते आणि ठाण्यातून फोन येतो. पानशेतच्या वरच्या अंगाच्या गावांत फोनला रेंज शोधायला टेकाडावर जावं लागतं, हे तिकडच्यांना सांगायला नको. फोन लागला नाही, तुम्ही पत्त्यावर सापडला नाहीत, की शेरा पडतो 'अर्जदार मिळून आला नाही'. आणि शिकलेलं पोरगं गावात सापडणार कसं? ते पुण्यात कॉट बेसिसवर राहून क्लासमध्ये शिकवत असतं.

त्यात आपल्या भागाची एक खास गंमत आहे. वेल्हे तालुक्याचं नाव राजगड करायचा निर्णय मंत्रिमंडळानं २०२४ मध्ये घेतला, २०२५ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब झालं. ज्या गडावर महाराजांची राजधानी होती त्याचं नाव तालुक्याला मिळालं, याचा आनंद आहेच. पण तुमच्या पासपोर्टवर वेल्हे, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर वेल्हे आणि नव्या कागदावर राजगड. बरं, राजगड पोलिस ठाणं म्हणाल तर ते पहिल्यापासून भोर तालुक्यात, नसरापूरकडे. आपल्याला हे पाठ आहे. सोल किंवा शारजातल्या शाळेच्या एचआरला दोन वेगळी गावं दिसतात आणि ई-मेल येतो, 'कृपया खुलासा करा'. नाव बदलल्याच्या राजपत्राची एक प्रत आणि तिचं इंग्रजी भाषांतर फाईलला लावून ठेवा. कोणी मागण्याआधीच.

नावाचंही तसंच. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग आपलं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर क्रम वेगळा. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींचा तर पदवीवर माहेरचा आणि पासपोर्टवर सासरचा अवतार. हा प्रश्न मुलांना कधीच पडत नाही, ही गोष्ट बाजूला ठेवू, पण विसरू नका. आणि पदवी म्हणजे शेवटच्या वर्षाची गुणपत्रिका नव्हे. पदवी प्रमाणपत्रासाठी विद्यापीठाकडे वेगळा अर्ज करावा लागतो. तो न करता वर्षानुवर्षं राहिलेले लोक मी माझ्याच वर्गात बघते आहे.

त्या पदवीवर पुढे शिक्के. भारत हेग अपॉस्टिल करारात २००५ मध्ये सामील झाला. करारातल्या देशांसाठी आधी राज्य सरकारचं प्रमाणीकरण, मग परराष्ट्र मंत्रालयाचा अपॉस्टिल स्टिकर एवढ्यावर काम होतं. संयुक्त अरब अमिराती त्या करारात नाही, तिथे दूतावासाचा शिक्काही लागतो. परराष्ट्र मंत्रालयाची स्टिकरची फी ५० रुपये. होय, पन्नासच. त्यावर मंत्रालयानं नेमलेल्या एजन्सीचा थोडा सेवा आकार. एखादा एजंट 'अपॉस्टिलचे' म्हणून हजारोंत आकडा सांगत असेल, तर कशाचे किती ते लिहून मागा.

एवढं सगळं ऐकून कोणीही म्हणेल, आपण काय गुन्हेगार आहोत का? 'शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये' असं ऐकत वाढलेल्या घरात पोलिसाचा फोन आला तरी आईचा जीव खालीवर होतो. पण इथे मी त्या देशांच्या बाजूनं आहे. २००२ मध्ये इंग्लंडमधल्या सोहॅम गावात शाळेच्या केअरटेकरनं दहा-दहा वर्षांच्या दोन मुलींचा खून केला. त्याच्याबद्दलच्या जुन्या तक्रारी दुसऱ्या भागातल्या पोलिसांकडे होत्या, पण त्या त्याला नोकरी देणाऱ्या शाळेपर्यंत पोहोचल्याच नाहीत. २००७ मध्ये कोरियात इंग्रजी शिकवणारा एक कॅनेडियन थायलंडमध्ये पकडला गेला, लहान मुलांवरच्या अत्याचारासाठी. त्याच वर्षाच्या अखेरीस कोरियानं परदेशी इंग्रजी शिक्षकांना गुन्हेगारी नोंदींची तपासणी सक्तीची केली. आपल्याकडे हा विषय ऐरणीवर आला तो ऑगस्ट २०२४ मध्ये, बदलापूरच्या शाळेतल्या दोन चिमुकल्यांवर सफाई कर्मचाऱ्यानं अत्याचार केल्याचा आरोप झाला तेव्हा. २१ ऑगस्टला शालेय शिक्षण विभागानं शासन निर्णय काढला. सीसीटीव्ही लावा, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी करा. तेव्हा तुमच्या गावच्या शाळेत, तुम्ही ज्या क्लासमध्ये शिकवता तिथे, कोणी कोणाचा दाखला मागितला का, हे जरा विचारून बघा. परदेशातल्या मुलांसाठी आपण मुंढव्याला जातो, तर आपल्या मुलांसाठी भोर पोलिस ठाण्यापर्यंत जायला हरकत नसावी.

म्हणजे चारित्र्य तपासा, जरूर तपासा. माझं भांडण पुढच्या रकान्याशी आहे.

कोरियाचा इंग्रजी शिक्षकांसाठीचा ई-२ व्हिसा सात देशांच्या नागरिकांसाठी आहे: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, आयर्लंड आणि दक्षिण आफ्रिका. भारतीयांसाठी एक छोटा दरवाजा २०१० पासून लागू असलेल्या भारत-कोरिया करारानं उघडला, तोही सहाय्यक शिक्षकाचा आणि शिक्षकाची पात्रता असलेल्यांसाठीच. त्या सात देशांतल्या माणसाला कुठल्याही विषयाची पदवी चालते! आपल्या राज्यात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं २००० साली. जिल्हा परिषदेच्या शाळेत तेव्हापासून जी पोरं एबीसीडी गिरवत आली, ती इंग्रजी शिकलेली आहेत, म्हणजे ती शिकताना कुठे अडतं हे त्यांना स्वतःच्या जिभेवरून माहीत आहे. 'द' कधी लावायचा हे ज्याला कधी शिकावंच लागलं नाही, तो ते शिकवणार कसं? कोरियाच्या मुलाचीही अडचण हीच असते. नियम बदलत नाहीत असंही नाही. कोरियानं या शिक्षकांवर एचआयव्ही चाचणीची सक्ती केली होती. न्यूझीलंडच्या एका शिक्षिकेनं ती करायला नकार दिला, प्रकरण संयुक्त राष्ट्रांच्या समितीपर्यंत गेलं आणि २०१७ मध्ये ती सक्ती रद्द झाली.

हा रकाना अडवतो म्हणूनच एजंट वाकडी वाट दाखवतो. 'आधी टुरिस्ट व्हिसावर चला, तिकडे गेल्यावर वर्क परमिट करू.' इथे पीसीसी आठवा. पर्यटक म्हणून जाणाऱ्याला पासपोर्ट कार्यालय पीसीसी देत नाही. जो एजंट म्हणतो 'पीसीसीची गरज नाही', तो तुम्हाला शिक्षक म्हणून नेतच नाहीये. २०२२ मध्ये थायलंडमधल्या नोकरीच्या नावाखाली आपल्या तरुणांना म्यानमारमध्ये नेऊन ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला जुंपलं गेलं. परराष्ट्र मंत्रालयाला जाहीर इशारा द्यावा लागला. भरती एजंटला १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदणी लागते. ती ई-मायग्रेट पोर्टलवर दोन मिनिटांत तपासता येते आणि त्याला घेता येणारं शुल्क जास्तीत जास्त ३० हजार रुपये अधिक जीएसटी. लाख-दीड लाख मागणाऱ्याला हा आकडा ऐकवा आणि त्याचा चेहरा बघा.

राहिला सरकारचा भाग. लॉकडाऊनमधले कलम १८८ चे गुन्हे मागे घ्यायचं राज्यानं २०२२ मध्ये ठरवलं, पण निर्णय झाला म्हणजे ठाण्यातली नोंद आपोआप पुसली गेली असं नसतं. पीसीसीच्या वेळी जुनी नोंद उगवू नये म्हणून आपलं नाव कुठे अडकलंय का, हे आधीच वकिलाकडून बघून घ्यावं लागतं. हे काम उमेदवारानं का करावं? आणि पदवीच्या प्रमाणीकरणासाठी मुंबईच का गाठायची? भोर आणि राजगड तहसीलच्या आवारात महिन्यातून एक दिवस पासपोर्ट कार्यालयाचा माणूस, पोलिसांचा माणूस आणि विद्यापीठाचा माणूस एका टेबलावर बसवणं अशक्य नाही. जातीच्या दाखल्यांची शिबिरं तिथेच भरतात. मंडप आहे, टेबल आहे, खुर्च्या आहेत.