काडतूस कुठलं? आधी खांदा कुणाचा ते सांगा!

आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे भांडण नको. मी शिकारी घराण्यातला नाही. आमच्या घरात शस्त्र म्हणजे विळी आणि दसऱ्याला पूजेत ठेवलेला स्क्रू-ड्रायव्हर. पण नोकरीनिमित्त विस्कॉन्सिनला येऊन तीन वर्षं झाली. इथे नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी हरणांचा बंदुकीचा सीझन सुरू होतो आणि नऊ दिवस चालतो. त्या काळात अर्धं ऑफिस रिकामं असतं. आपल्याकडे गणपतीत मुंबईतलं कोकणी पब्लिक जसं गायब होतं, अगदी तस्संच.

आमच्या टीममध्ये एक डीबीए आहे. वय साठीला टेकलेलं, डोक्यावर केस कमी, पण प्रॉडक्शनवर हात टाकण्याआधी तीनदा बॅकअप घेणारा माणूस. त्याच्या नादाने मी इथला हंटर एज्युकेशनचा कोर्स केला (१९७३ किंवा नंतर जन्मलेल्याला तो लागतोच) आणि परवाना काढला. आमच्यासारख्या व्हिसावाल्याला शिकारीच्या परवान्याशिवाय बंदूक हातात धरणंसुद्धा इथल्या फेडरल कायद्यात बसत नाही. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "यासाठी इंजिनियर केलं होतं का तुला?" असो.

तर मुद्दा असा. या डीबीएकडे त्याच्या वडिलांची रायफल आहे. विंचेस्टर मॉडेल ७०, पन्नासच्या दशकात घेतलेली, .३०-०६ काडतुसाची. वडिलांनी आयुष्यभर लष्कराचा स्वस्त जुना दारूगोळा उडवला. त्या जुन्या काडतुसांच्या प्रायमरमध्ये पोटॅशियम क्लोरेट असायचं. बार उडाला की नळीत मीठ उरतं, ते हवेतलं पाणी ओढतं आणि नळी आतून सडते. नुसत्या तेलाने ते मीठ जात नाही, पाण्याने धुवावं लागतं. वडील तेल लावायचे. परिणाम: बाहेरून रायफल नवरीसारखी, आतून नळी मुंबईच्या पावसाळी रस्त्यासारखी.

म्हणजे नळी बदलणं आलं. आणि नळी बदलायचीच तर काडतूसही बदलता येतं, कारण नवी नळी ज्या काडतुसाची कापाल त्या काडतुसाची ती रायफल होते. इथूनच महाभारत सुरू झालं.

डीबीएचे जावईबापू म्हणाले, "७ एमएम पीआरसी करून टाका, हजार यार्डांपर्यंत बघायला नको." एक शेजारी म्हणाला, "६.५ क्रीडमूर सोडून आज कोण काय घेतं?" दोघांनीही एक साधा प्रश्न विचारला नाही. ही रायफल कोण उडवणार? उत्तर होतं, डीबीएची चौदा वर्षांची नात. आजोबा तिलाच देणार आहेत ती.

माझं डोकं फिरलं ते इथे. कारण हा संवाद मी ऑफिसात शंभर वेळा ऐकलाय. एक चालू सिस्टिम आहे, तिचा एक भाग खराब झालाय, तो बदलायचाय. मीटिंगमध्ये कुणीतरी उठतो आणि म्हणतो, आता हात लावतोच आहोत तर सगळंच नवीन फ्रेमवर्कमध्ये करू. युजर कोण, लोड किती, पाच वर्षांनी हे सांभाळणार कोण, हे काहीच नाही. का? तर लेटेस्ट आहे म्हणून!

नवं काडतूस निवडताना प्रश्नांचा क्रम ठरलेला असावा, असं माझं ठाम मत आहे. आणि तो क्रम बहुतेक लोक बरोब्बर उलटा लावतात.

पहिला प्रश्न रायफलीला विचारा. काडतुसाचं बूड बोल्टच्या तोंडात बसतं. ते तोंड म्हणजे आपल्या भाषेत इंटरफेस. .३०-०६ च्या बुडाचा व्यास .४७३ इंच. याच बुडाची आणि जवळपास याच लांबीची अख्खी भावकी आहे: .२७० विंचेस्टर (१९२५), .२८० रेमिंग्टन (१९५७), .२५-०६, .३५ व्हेलन. यातलं कुठलंही घ्या, बोल्ट तोच, मॅगझिन तेच, फक्त नळी नवी. गनस्मिथ रीमरने चेंबर कापतो, गो आणि नो-गो गेज लावून हेडस्पेस तपासतो, नळीवर नव्या काडतुसाचं नाव ठोकतो (हे नाव ठोकणं विसरायचं नाही. पन्नास वर्षांनी कुणीतरी भलतंच काडतूस त्यात भरेल), आणि काम संपलं.

७ एमएम पीआरसी? लांबी बसते. पण बूड .५३२ इंचाचं. म्हणजे बोल्टचं तोंड मोठं करा, एक्स्ट्रॅक्टरचं काम करा, मॅगझिन आणि फीड रेल्स जुळवा. नळी बदलायला निघालात आणि रायफल बदलून आलात. एवढं करायचं तर सरळ त्या काडतुसाची नवी रायफल घ्या ना! वडिलांच्या रायफलीवर हे प्रयोग कशाला?

दुसरा प्रश्न जंगलाला विचारा. इथे पांढऱ्या शेपटीचं हरीण दाट झाडीत दिसतं. शंभर यार्डांच्या आत बार टाकायची वेळ येते, शेताच्या कडेला बसलात तर दोनशे. हजार यार्डांची भाषा करणाऱ्यांनी एक हिशोब करून बघावा. चांगली ६.५ ची गोळी सहाशे यार्डांवर पोचायला साधारण पाऊण सेकंद घेते. तेवढ्या वेळात हरीण एक पाऊल पुढे टाकतं. गोळी छातीवर नेमलेली असते, लागते पोटात. जगातलं कुठलंही काडतूस या पावलाचा बंदोबस्त करू शकत नाही. टार्गेटच्या कागदाला पाय नसतात, हरणाला चार असतात.

तिसरा प्रश्न खांद्याचा, आणि हाच खरा. आठ पौंडांच्या रायफलीत .३०-०६ चा धक्का साधारण वीस फूट-पाउंड, ६.५ क्रीडमूरचा बारा-तेरा, .२७० चा या दोघांच्या मध्ये. ७ एमएम पीआरसीचा .३०-०६ पेक्षाही जास्त. धक्क्याची भीती बसली की माणूस चाप ओढण्याआधीच डोळे मिटतो आणि खांदा आक्रसतो. त्याला स्वतःला ते कळतही नाही.

हे मी पुस्तकातलं सांगत नाहीये. मागच्या नोव्हेंबरात जावईबापू स्वतःची नवी मॅग्नम घेऊन आले होते. सीझनआधी रेंजवर किती बार टाकले, असं विचारलं तर म्हणाले, तीन. खांदा दुखतो म्हणे. अंतर फार नव्हतं, दीडशे पावलं असेल. गोळी पोटात लागली. हरीण पळालं. आम्ही चौघं बॅटऱ्या घेऊन रात्री आठपर्यंत बर्फातलं रक्त शोधत फिरलो. दलदलीच्या कडेला रक्त संपलं. हरीण सापडलं नाही. परतताना गाडीत कुणी एक शब्द बोललं नाही. ती नात पण गाडीत होती.

ते हरीण कुठेतरी रात्रभर पडून मेलं असेल. त्याला गोळीचा बॅलिस्टिक कोएफिशियंट किती होता याने काडीचा फरक पडला नाही. म्हणून मला या 'लेटेस्ट'वाल्यांचा राग येतो. आपल्या हौसेची किंमत दुसरंच कुणीतरी मोजतं.

चौथा प्रश्न दुकानदाराला. वीस वर्षांनी हे काडतूस मिळेल का? २००३ साली विंचेस्टरने .२२३ आणि .२४३ डब्ल्यूएसएसएम वाजतगाजत आणली. आज ती दुकानात दिसली तर लॉटरीचं तिकीट काढावं. २००७ साली .३० टीसी आलं, त्याची तर आठवणही कुणाला नाही. गंमत म्हणजे त्याच्याच केसपासून ६.५ क्रीडमूर बनलं. बाप विसरला गेला, पोरगा फेमस झाला. आधी कुणाला सांगता आलं असतं का? २०२०-२१ च्या टंचाईत तर नेहमीच्या काडतुसांचेही शेल्फ रिकामे पडले होते. तेव्हा अनवट काडतूसवाल्यांचे काय हाल झाले असतील ते सांगायला नको.

आता तुम्ही म्हणाल, हा जुनं ते सोनंवाला दिसतोय. अजिबात नाही. ६.५ क्रीडमूर उत्तम काडतूस आहे. धक्का कमी, लांब सडपातळ गोळी, त्यासाठी नळीतले आटेही जलद, आठ इंचांत एक फेरा. शॉर्ट ॲक्शन रायफलीची नळी बदलायची असती आणि नातीसाठीच, तर मी स्वतः तेच सुचवलं असतं. या रायफलीतही ते बसतं, बूड तेच आहे. फक्त लांब मॅगझिनमध्ये ठोकळा घालून जागा कमी करावी लागते. शेजाऱ्याने "पोरीच्या खांद्याला हलकं पडेल" असं म्हटलं असतं तर मी गप्प बसलो असतो. पण तो म्हणाला, "आज कोण काय घेतं?" उत्तर वाईट नव्हतं, कारण वाईट होतं. चुकीच्या कारणाने निवडलेली बरोबर गोष्ट पुढच्या वेळी हमखास दगा देते.

आणि जुन्याची लाज कशाला? जिम कॉर्बेट आपण सगळ्यांनी लहानपणी वाचलाय. चंपावतच्या नरभक्षक वाघिणीला मारल्याबद्दल १९०७ साली त्याला जी रिग्बी रायफल भेट मिळाली ती .२७५ ची. ते काडतूस म्हणजे १८९२ सालच्या ७x५७ माऊझरचंच इंग्रजी नाव. कॉर्बेटचं त्यावाचून काही अडलं नाही. आपल्याला मात्र शंभर यार्डांवरच्या हरणासाठी २०२२ सालचं काडतूस पाहिजे!

शेवटी डीबीएने काय केलं? नेहमीप्रमाणे आमचं सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि नातीला रेंजवर नेलं. मित्रांच्या तीन रायफली मागून आणल्या, प्रत्येकीचे पाच-पाच बार तिला टाकायला लावले. .३०-०६ ला ती दचकत होती. .२७० आणि क्रीडमूर दोन्हीला नाही. मग बोल्टला आणि मॅगझिनला हात लागणार नाही म्हणून .२७० ठरलं. १३० ग्रेनची गोळी, सेकंदाला तीन हजार फुटांच्या थोडी वर, दोनशे यार्डांवर नेम बांधला तर तीनशेवर सहा-सात इंच खाली. इथल्या जंगलासाठी पुरून उरेल. काडतूस शंभर वर्षांचं, कुठल्याही गावातल्या दुकानात मिळणारं.

जावईबापू अजून कुरकुरतात. डीबीए त्यांना एवढंच म्हणाला, "तू आधी तुझ्या रायफलीचे शंभर बार टाकून ये, मग बोलू."

पुढच्या वेळी मीटिंगमध्ये कुणी "आता करतोच आहोत तर..." अशी सुरुवात केली ना, तर मी पण हेच म्हणणार आहे. नोकरी राहिली तर कळवतोच.