निवांत कोण?

चार दिवस रत्नागिरीत आहे. घड्याळ काढून ठेवलंय, भाट्याच्या किनाऱ्यावर बसून असतो. मस्त वाटतंय! पण 'इथले लोक कसे निवांत जगतात' असं लिहिणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. अहो, निवांत मी आहे, माझी रजा पगारी आहे म्हणून. मिरकरवाड्याच्या बंदरावर जाऊन बघा, तिथं मासळीच्या लिलावात कोण निवांत दिसतं ते. जून-जुलैत यांत्रिक होड्यांना मासेमारीबंदी असते, होड्या किनाऱ्याला लागतात. ती काय सुट्टी? मिळकतच बंद! आणि थिबा राजा? इंग्रजांनी ब्रह्मदेशच्या या राजाला १८८६ मध्ये इथं आणून ठेवलं, १९१६ मध्ये तो इथंच वारला. तीस वर्षं समुद्र बघत बसला बिचारा. त्याला म्हणाल का 'स्लो लिव्हिंग'?