विश्लेषण : गॅलरीतल्या टोमॅटोला अळी लागली, फवारणी खरेच गरजेची आहे का?

पावसाळा सरला की बोरिवली, मुलुंड, घाटकोपर, अंधेरीतील इमारतींच्या गॅलऱ्यांत टोमॅटोची रोपे दिसू लागतात. जुलै २०२३ मध्ये किलोमागे शंभरी ओलांडलेला टोमॅटो अजून कोणी विसरलेले नाही. डिसेंबर-जानेवारीत फळे धरतात आणि एके सकाळी हिरव्यागार टोमॅटोला गोल भोक दिसते. मग कुठून तरी बिनलेबलाच्या बाटलीतले ‘औषध’ घरात येते. चार कुंड्यांसाठी हा उपाय अनावश्यक आहे. शिवाय जिथे कपडे वाळतात आणि मुले खेळतात, त्या गॅलरीत तो धोक्याचाही आहे.

ही अळी कोणती?

इंटरनेटवरच्या चित्रफितींत शेपटीला शिंग असलेली बोटभर जाड अळी दाखवतात. ती उत्तर अमेरिकेतली. मुंबईत तिला शोधण्यात वेळ घालवू नये. इथे भोक पाडते ती बहुधा फळ पोखरणारी अळी. हरभऱ्यावर तिलाच घाटेअळी म्हणतात आणि कपाशीवर अमेरिकन बोंडअळी. पतंग रात्री येऊन कोवळ्या पानांवर, कळ्यांजवळ सुटी सुटी अंडी घालतो. अंडे पिवळसर पांढरे, खसखशीच्या दाण्याएवढे. तीन ते पाच दिवसांत अळी बाहेर पडते, आधी कोवळे पान खरवडते आणि मग फळात डोके खुपसते. मागचे अर्धे अंग बाहेरच असते. एका फळावर तिचे भागत नाही. अर्धवट खाऊन ती पुढच्याकडे वळते.

पानांची जाळी झाली असेल, तर संशय तंबाखूची पाने खाणाऱ्या अळीवर घ्यावा. तिची अंडी पानामागे पुंजक्याने असतात, वर तपकिरी केसांचे आवरण असते. मोठी झालेली अळी दिवसा मातीत किंवा कुंडीखाली दडते, म्हणून ‘रात्री कोण खाऊन जाते’ हे कोडे सुटत नाही. रात्री नऊनंतर टॉर्च घेऊन पाहिले की सुटते. तिसरी टूटा अब्सोलुटा ही परदेशी कीड. भारतात ती पहिल्यांदा २०१४ मध्ये आढळली, तीही महाराष्ट्रात, पुणे परिसरात. पानात फिकट पारदर्शक डाग आणि फळाला देठाजवळ टाचणीएवढी छिद्रे ही तिची खूण.

मग फवारणीला विरोध का?

नारायणगाव किंवा पिंपळगाव बसवंतच्या शेतकऱ्याला एकरभर पिकातून अळ्या वेचता येत नाहीत. त्याचे फवारणे समजण्यासारखे आहे. त्याला उपनगरातून उपदेश करण्यात अर्थ नाही. चार कुंड्यांत मात्र सगळी पाने उलटून पाहायला दहा मिनिटेही लागत नाहीत.

कीटकनाशकाच्या लेबलावर रंगीत त्रिकोण असतो. लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा आणि हिरवा. फवारणीनंतर किती दिवस फळ तोडू नये, तेही छापलेले असते. सुट्या बाटलीवर यातले काहीच नसते. घरचा टोमॅटो तर आमटीला लागेल तसा रोज तोडला जातो, तेव्हा ते दिवस कोण मोजणार? यवतमाळ जिल्ह्यात २०१७ मध्ये फवारणीतून विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा बळी गेला. ती फवारणी उघड्या रानात होती. गॅलरीत उडालेले तुषार खालच्या मजल्यावरच्या दोरीवर जाऊन बसतात, हेही सोसायटीत कोणी बोलत नाही.

झेंडू लावला की अळी पळते?

हा गैरसमज फार पसरला आहे. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने टोमॅटोच्या सोळा ओळींमागे आफ्रिकन झेंडूची एक ओळ सुचवली, ती अळीला पळवण्यासाठी नाही. पतंगाने अंडी टोमॅटोऐवजी झेंडूवर घालावीत, म्हणून तो सापळा आहे. म्हणजे झेंडूच्या कळ्या रोज तपासून अळ्या काढल्या नाहीत, तर घरातच त्यांची खानावळ चालते. शिवाय टोमॅटो फुलायच्या वेळी झेंडूही फुलावर हवा, म्हणून त्याची रोपे जास्त दिवसांची घ्यावी लागतात.

उपनगरांत आणखी एक अडचण आहे ती कबुतरांच्या जाळीची. तिने कबुतरांसोबत बुलबुल, दयाळ आणि चिमणीलाही बाहेर ठेवले. पतंग मात्र जाळीच्या भोकांतून आरामात आत येतो. अळ्या टिपणारे पक्षीच नाहीत, तेव्हा ते काम घरच्यांनाच करावे लागते. फुले येऊ लागल्यापासून एक दिवसाआड शेंड्यांची पाने वर-खाली पाहावीत, अंडी बोटाने पुसून टाकावीत, अळ्या साबणाच्या पाण्यात टाकाव्यात. भोक पडलेले फळ कुंडीतच टाकू नये; अळी आत असते.

एवढ्याने भागले नाही, तर ५ टक्के निंबोळी अर्क पुरेसा आहे. ५० ग्रॅम निंबोळीची पूड लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवावी, फडक्याने गाळून त्यात चिमूटभर साबण घालावा आणि संध्याकाळी फवारावे. त्याने अळी लगेच मरत नाही, तिचे खाणे थांबते. बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूची पूडही मिळते, पण ती लहान अळीवरच चालते आणि उन्हात तिचा असर कमी होतो. फळात शिरलेल्या अळीवर दोन्ही निरुपयोगी. म्हणजे पुन्हा रोजची नजर आलीच.

मार्चमध्ये रोप उपटल्यावर त्याच कुंडीत लगेच दुसरे लावण्याची घाई होते. फळ पोखरणारी अळी कोषात जाते ती मातीतच. म्हणून माती जुन्या वर्तमानपत्रावर पसरून चांगले ऊन द्यावे आणि हाताला लागलेले तपकिरी कोष काढून टाकावेत.